हंबर

धरणगावच्या बंद जिनिंगमध्ये
सरकीच्या ढिगाआड ती सापडली तेव्हा
बॉनेटच्या खळग्यात कोंबडी बसली होती, अंड्यांवर.
वॉचमन म्हणाला, थांबा थोडे दिवस,
पिल्लं निघाली की घेऊन जा.
थांबलो.

तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या,
फंडाची रक्कम हाती आली ती अशी गेली:
हंबर पुलमन, एकोणीसशे अठ्ठेचाळीस,
मागे दिवाणासारखी सीट,
शेटचं बोलणं ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये म्हणून
मधे काचेचा पडदा,
आणि चारही चाकांत हवा नाही.

फैजपूरला केळीच्या ट्रकवरून उतरवली
तर गल्ली गोळा झाली.
"काय नाव म्हने हिचं?"
"हंबर."
"मंग दूध किती देते?"
कुमुदिनीनं एवढंच विचारलं,
हिला बांधणार कुठे.

सावद्याचा रऊफ पिंजारी दर रविवारी यायचा.
आजोबा कापूस पिंजायचे,
वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर,
हा ट्रॅक्टर दुरुस्त करतो.
सहा वर्षं लागली.
एका दिव्याची काच इंदूरच्या भंगारात मिळाली,
दुसरी कुठेच नाही, ती एका चष्मेवाल्यानं घासून दिली.
दारांच्या मुठी जळगावच्या सराफानं उजळल्या
आणि सवयीनं
तोळ्यांत वजन सांगून परत केल्या.

सीट उसवली तर आत घोड्याचे केस,
केसांखाली कुणीतरी कधीतरी कोंबलेला कापूस.
रऊफनं तो पत्र्यावर उन्हात घातला,
माळ्यावरून आजोबांची पिंजण काढली.
दोन दिवस गल्लीभर टंग् टंग्,
आमच्या भुवया पांढऱ्या.

आणि गिअरबॉक्सखाली एक बोल्ट.
जाडजूड, बाकीच्यांत न बसणारा,
डोक्यावर रेल्वेची झिजलेली अक्षरं.
रऊफनं अंगठ्यानं ग्रीस पुसलं.
"हा आपला. शेडमधला."
कुठल्या रात्री गाडी भुसावळच्या वाटेत बसली असेल,
कुणी डब्याच्या पिशवीतून तो काढून दिला असेल,
आणि कशाच्या बदल्यात.
"तुझ्या अब्बांनी दिला असेल का रे?"
"चोरीचा माल आहे, काका.
अब्बांचं नाव नका लावू."
म्हणाला, आणि होता तिथेच तो परत आवळला,
लागतो त्याहून अर्धा फेरा जास्त.

जानेवारीत जळगावला प्रदर्शन.
पुण्याचे परीक्षक रुमालावर गुडघा टेकून वाकले,
टॉर्च फिरवला.
"हा बोल्ट मूळचा नाही."
नाही, मी म्हणालो.
"विलायतेहून मागवता येतो."
येतो.
दोन गुण बोल्टचे गेले, एक कापसाचा.
रऊफ फूटबोर्डवर बसून कळण्याची भाकरी खात होता,
ठेच्याचा हात रंगाला लागू नये म्हणून लांब धरून.
ऐकलं त्यानं. पाण्याचा घोट घेतला.

आम्ही चौथे आलो.
पहिल्या आलेल्या गाडीवर पाटी होती, हात लावू नये.
आमच्या मागच्या सीटवर तोवर
शाळेची सात पोरं आणि त्यांच्या बाई
पडद्याची काच वरखाली करून बघत होती.

परतताना नशिराबादच्या पुढे थंडी वाढली.
रऊफला म्हटलं, मागे बस, आडवा हो.
सहा वर्षांत तो तिथे वाकला होता,
झोपला होता तो सीटखाली, पाठीवर, पाना घेऊन.
बूट काढून बसला.
तापीच्या पुलावर धुकं,
डावा दिवा पांढरा, उजवा चष्मेवाल्याचा, पिवळसर,
एकाच रस्त्याचे दोन रस्ते दिसत होते.

गल्लीत वळताना अकरा वाजून गेले होते.
कुत्रं आडवं आलं, हॉर्न दाबला,
आणि फिरक्यांच्या गोठ्यातून
गाईनं ओ दिली.
काचेपलीकडे रऊफ झोपेत काहीतरी बोलला.
ऐकू आलं नाही.